छापा आणि काटा : दर्यावर्दी मॅगेलनची जीवनकथा

२०१९ साली पोर्तुगालने दोन युरोचे एक स्मारक नाणे काढले. बाहेर रुपेरी कडे, आत सोनेरी गाभा, कड्यावर युरोपचे बारा तारे आणि मध्यभागी एका दर्यावर्दीचा चेहरा. त्याच्यासोबत दोन साले कोरलेली आहेत : १५१९ आणि २०१९. हा चेहरा फर्डिनंड मॅगेलनचा. पोर्तुगीज भाषेत त्याचे नाव फेर्नांव द मागाल्याइंश. पृथ्वीला वळसा घालणाऱ्या पहिल्या सागरी मोहिमेचा तो नेता होता आणि त्या मोहिमेच्या प्रस्थानाला ५०० वर्षे पूर्ण झाल्याबद्दल हा सन्मान होता.

सागरी सफरींची स्मृती नाण्यांवर जपण्याची पोर्तुगालची परंपरा जुनी आहे. वास्को द गामाची मोहीम भारताचा जलमार्ग शोधून १४९९ साली परतली, तेव्हा राजा मॅन्युएलने पोर्तुगेझ नावाचे सुमारे ३५ ग्रॅम वजनाचे भव्य सुवर्णनाणे पाडले. त्यावर क्रूस होता आणि भोवती राजाच्या नव्या पदव्या होत्या. इथियोपिया, अरबस्तान, इराण आणि हिंदुस्थान येथील नौकानयनाचा व व्यापाराचा तो स्वामी झाला होता. अलीकडच्या काळात, १९८७ पासून, पोर्तुगालने आपल्या शोधयात्रांवर स्मारक नाण्यांची मालिकाच सुरू केली. जिल इयानिश, नुनो त्रिस्तांव, दियोगु कांव, बार्तोलोमेव दियश अशा दर्यावर्दींची नावे त्या नाण्यांतून घरोघरी पोहोचली.

मॅगेलनच्या नाण्याची गोष्ट मात्र थोडी वेगळी आहे. ज्या राजसत्तेने त्याच्या वेतनात थोडीशी वाढ करण्यास नकार दिला आणि पुढे ज्याला द्रोही ठरवले, त्याच देशाने पाच शतकांनी त्याचा चेहरा नाण्यावर घेतला. आपण नाणे उडवतो तेव्हा छापा की काटा असे विचारतो. मॅगेलनच्या आयुष्यालाही अशा दोन बाजू आहेत. त्यांतील एकच पाहिली तर त्याची खरी ओळख होत नाही. आपल्या किनारपट्टीवरील ख्रिस्ती समाजाने तर दोन्ही बाजू पाहायलाच हव्यात, कारण आपल्या पूर्वजांपर्यंत शुभवर्तमान पोहोचले ते त्याच काळात आणि त्याच प्रकारच्या गलबतांतून.

राजदरबारातील सेवक

मॅगेलनचा जन्म १४८० च्या सुमारास उत्तर पोर्तुगालमधील एका सरदार घराण्यात झाला. बालपणीच तो लिस्बन येथे राणी लिओनोरच्या सेवेत दाखल झाला. तो काळ मोठ्या कुतूहलाचा होता. १४८८ साली बार्तोलोमेव दियशने आफ्रिकेचे दक्षिण टोक ओलांडले, १४९२ साली कोलंबस अटलांटिकपलीकडे पोहोचला आणि १४९८ साली वास्को द गामा कालिकतच्या किनाऱ्याला लागला. राजवाड्यात वाढणाऱ्या त्या मुलाच्या कानांवर नकाशे, वारे, मसाले आणि नव्या भूमी यांच्याच गोष्टी पडत असणार.

२५ मार्च १५०५ रोजी, म्हणजे पवित्र मरियेला देवदूताचा संदेश मिळाल्याच्या सणाच्या दिवशी, भारताचा पहिला पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेइदा याचे आरमार लिस्बनहून निघाले. त्या आरमारात मॅगेलन एक सामान्य सैनिक म्हणून होता. पुढील काही वर्षे त्याने आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आणि हिंदी महासागरात घालवली. १५०६ साली कण्णूरजवळील समुद्रात व ३ फेब्रुवारी १५०९ रोजी दीव येथील निर्णायक लढाईत तो लढला. त्याच वर्षी तो दियोगु लोपिश द सिकेइराच्या मोहिमेबरोबर मलाक्का येथे गेला. तेथे पोर्तुगीजांवर अचानक हल्ला झाला, तेव्हा आपला मित्र फ्रान्सिस्को सेरांव याचा जीव वाचवण्यासाठी मॅगेलन धावून गेला.

१५१० च्या सुरुवातीस पोर्तुगालकडे परतणारी दोन जहाजे लक्षद्वीपजवळील पादुआ नावाच्या उथळ खडकाळ भागात फुटली. लहान होड्यांत सर्वांना जागा नव्हती. अधिकारी आणि सरदार पुढे निघाले, तेव्हा मागे राहणाऱ्या खलाशांना वाटले की आपल्याला मरणाच्या दारात सोडून हे कधीच परतणार नाहीत. मॅगेलन सरदार घराण्यातील होता. होडीत त्याची जागा निश्चित होती. तरीही तो खलाशांबरोबर थांबला आणि मदत येईपर्यंत त्यांच्याबरोबर राहिला. त्याच्या स्वभावातील एक उजळ रेघ या प्रसंगात दिसते.

त्याच वर्षी आफोन्सो द अल्बुकर्कने गोवा जिंकले आणि तेथे टांकसाळ सुरू करून पोर्तुगीज राजाच्या नावाची सोन्याची, चांदीची व तांब्याची नाणी पाडली. दर्यावर्दी लोकांच्या आकाशनिरीक्षणाचे प्रतीक असलेला कड्यांचा गोल हे राजाचे बोधचिन्ह होते. तोच गोल त्यांतील काही नाण्यांवर उमटला. १५११ साली अल्बुकर्कने मलाक्का जिंकले, त्या मोहिमेतही मॅगेलन होता. तेथे एक मलय तरुण गुलाम म्हणून त्याच्या पदरी आला. त्याला एन्रिके असे ख्रिस्ती नाव मिळाले. मित्र सेरांव तेथून पुढे मोलुक्कास बेटांकडे, म्हणजे लवंगांच्या मायभूमीकडे गेला आणि तेथेच स्थायिक झाला. त्याच्या पत्रांनी मॅगेलनच्या मनात त्या बेटांची ओढ निर्माण केली.

नाकारलेली वेतनवाढ

मायदेशी परतल्यावर १५१३ साली मॅगेलन मोरोक्कोतील अझामोर येथील युद्धात लढला. तेथे त्याच्या पायाला अशी जखम झाली की तो कायमचा लंगडू लागला. लुटीतील जनावरे शत्रूला विकल्याचा आरोप त्याच्यावर झाला. हा आरोप पुढे टिकला नाही, पण राजा मॅन्युएलच्या मनातील अढी कायम राहिली. दरबारी सेवकाला मिळणाऱ्या मासिक वेतनात थोडी वाढ मिळावी, अशी मॅगेलनची मागणी होती. रक्कम क्षुल्लक होती, परंतु त्या काळी माणसाची प्रतिष्ठा याच वेतनावरून मोजली जात असे. राजाने ती मागणी फेटाळली. मसाल्याच्या बेटांकडे मोहीम नेण्याची विनंतीही त्याने मान्य केली नाही.

२० ऑक्टोबर १५१७ रोजी मॅगेलन स्पेनमधील सेव्हिल शहरी पोहोचला. तेथे स्थायिक झालेल्या दियोगु बार्बोझा या पोर्तुगीज गृहस्थाच्या घरी त्याला आधार मिळाला आणि त्याची कन्या बेआत्रिस हिच्याशी त्याचा विवाह झाला. रुइ फालेइरो या खगोलज्ञाच्या साह्याने त्याने आपली योजना स्पेनच्या दरबारापुढे मांडली. १४९४ च्या तोर्देसिलास करारानुसार अटलांटिक महासागरातून जाणाऱ्या रेषेच्या पूर्वेकडील नव्या भूमी पोर्तुगालच्या आणि पश्चिमेकडील स्पेनच्या ठरल्या होत्या. पूर्वेचा मार्ग पोर्तुगालच्या ताब्यात होता. तेव्हा सतत पश्चिमेकडे जात राहून पूर्वेकडील लवंगांची बेटे गाठावीत, असा मॅगेलनचा विचार होता. स्पेनचा राजा पहिला चार्ल्स त्या वेळी अवघा १८ वर्षांचा होता. २२ मार्च १५१८ रोजी वायादोलिद येथे त्याने या योजनेला मान्यता दिली. नफ्याचा विसावा भाग आणि शोधलेल्या भूमीचे राज्यपालपद मॅगेलनला व त्याच्या वारसांना देण्याचे ठरले.

पोर्तुगालला ही बातमी कळताच तेथे संताप उसळला. आपल्याच राजाने शिकवलेली विद्या शत्रूच्या सेवेत वापरणारा माणूस, अशी त्याची प्रतिमा झाली. स्पेनमध्येही त्याला पूर्ण विश्वास लाभला नाही. अनेक स्पॅनिश कप्तानांच्या दृष्टीने तो परकाच होता.

पाच गलबते

त्रिनिदाद, सान आंतोनियो, कोन्सेप्सियोन, व्हिक्टोरिया आणि सांतियागो अशी पाच जहाजे सज्ज झाली. त्यांवर सुमारे २४० माणसे होती. स्पॅनिश, पोर्तुगीज, इटालियन, ग्रीक, फ्रेंच अशा अनेक देशांचे खलाशी त्यांत होते. इटलीतील विचेन्झा येथील आंतोनियो पिगाफेत्ता हा तरुणही त्यांच्यात होता. त्याने लिहून ठेवलेल्या वृत्तांतामुळेच या सफरीची बहुतेक हकीकत आज आपल्याला ठाऊक आहे. पेद्रो द वाल्देर्रामा हे धर्मगुरू ताफ्याबरोबर निघाले.

सेव्हिलमधील त्रियाना भागातील विजयमाता मरियेच्या मठ-चर्चमध्ये मॅगेलनने राजध्वज स्वीकारला. ऑगस्ट १५१९ मध्ये त्याने आपले मृत्युपत्र केले. त्यात दानधर्माची तरतूद होती आणि आपल्या मृत्यूनंतर एन्रिकेला गुलामीतून मुक्त करावे, असा स्पष्ट आदेश होता. २० सप्टेंबर १५१९ रोजी सानलुकार बंदरातून ताफा खुल्या समुद्रात शिरला. बेआत्रिस व तान्हा मुलगा रोद्रिगो यांची आणि त्याची पुन्हा भेट होणार नव्हती.

डिसेंबरमध्ये ताफा आजच्या रिओ द जानेरोच्या आखातात पोहोचला. त्यानंतर दक्षिण अमेरिकेचा किनारा धरून दक्षिणेकडे जाताना प्रत्येक खाडी, प्रत्येक नदीमुख तपासले गेले, पण पलीकडे जाण्याचा मार्ग सापडेना. थंडी वाढू लागली. ३१ मार्च १५२० रोजी सान हुलियान नावाच्या ओसाड बंदरात नांगर टाकण्यात आले आणि अन्नाचे वाटप कमी करण्यात आले. दुसऱ्या दिवशी झावळ्यांचा रविवार होता. किनाऱ्यावर मिस्साबलिदान झाले. त्याच रात्री तीन जहाजांवर बंड उफाळले.

मॅगेलनने हे बंड युक्तीने आणि अत्यंत कठोरपणे मोडून काढले. लुईस द मेंदोझा हा कप्तान मारला गेला, गास्पार द केसादा याचा शिरच्छेद झाला. बंडाचा मुख्य सूत्रधार हुआन द कार्ताहेना याला व त्याला साथ देणाऱ्या एका धर्मगुरूला पुढे त्या निर्जन किनाऱ्यावर सोडून देण्यात आले. त्यांचे पुढे काय झाले हे कोणालाच कळले नाही. इतर सुमारे ४० जणांना आधी मृत्युदंड सुनावला गेला व नंतर क्षमा करण्यात आली. त्या क्षमा मिळालेल्यांमध्ये हुआन सेबास्तियान एल्कानो नावाचा एक बास्क दर्यावर्दी होता. त्या दिवशी त्याला क्षमा मिळाली नसती तर या सफरीचा शेवट कदाचित वेगळा झाला असता.

शांत सागर आणि रिकामी कोठारे

सांतियागो जहाज किनाऱ्यावर फुटले. उरलेली चार जहाजे पुन्हा दक्षिणेकडे निघाली. २१ ऑक्टोबर १५२० रोजी, संत उर्सुला व तिच्या सोबतिणी कुमारिका यांच्या सणाच्या दिवशी, एक भूशिर दिसले आणि त्याला कुमारिकांचे भूशिर असे नाव मिळाले. पुढे एक अरुंद, वळणावळणाचा जलमार्ग उघडला. दोन्ही बाजूंना बर्फाच्छादित डोंगर होते. सर्व संतांचा सण जवळ असल्याने मॅगेलनने त्या मार्गाला सर्व संतांची सामुद्रधुनी असे नाव दिले. आज जग तिला मॅगेलनची सामुद्रधुनी म्हणून ओळखते. या मार्गातच सान आंतोनियो हे सर्वांत मोठे जहाज, बरेचसे अन्नधान्य घेऊन, गुपचूप मागे फिरले आणि स्पेनला परतले. तेथे त्याच्यावरील लोकांनी मॅगेलनची निंदा केली.

२८ नोव्हेंबर १५२० रोजी तीन जहाजे पलीकडच्या महासागरात आली. वारा अनुकूल होता, वादळ नव्हते. म्हणून या सागराला पॅसिफिक, म्हणजे शांत, असे नाव पडले. परंतु त्याची रुंदी कोणालाच ठाऊक नव्हती. तीन महिन्यांहून अधिक काळ ताजे अन्न मिळाले नाही. बिस्किटांचा भुगा उरला, त्यात किडे आणि उंदरांची घाण. पाणी पिवळे व दुर्गंधीयुक्त झाले. डोलकाठीवरील आडव्या दांड्याला गुंडाळलेले चामडे काढून, समुद्राच्या पाण्यात भिजवून, निखाऱ्यावर भाजून माणसांनी खाल्ले. एक उंदीर अर्ध्या सोन्याच्या ड्युकाटला विकला जात होता आणि तितके पैसे मोजूनही मिळत नव्हता. स्कर्व्हीमुळे हिरड्या सुजून दात झाकले गेले आणि माणसे एकामागून एक मरू लागली.

६ मार्च १५२१ रोजी ग्वाम बेट दिसले. भुकेने व्याकूळ झालेल्या खलाशांचे पहिले स्वागत तेथील लोकांच्या होड्यांनी केले. परंतु त्या लोकांनी जहाजावरील वस्तू व एक होडी नेल्याच्या रागातून मॅगेलनने किनाऱ्यावर जाऊन घरे जाळली आणि काही माणसे ठार केली. खडकावर गरीब खलाशांसाठी थांबलेला मॅगेलन आणि गावाला आग लावणारा मॅगेलन हा एकच माणूस होता, हे विसरून चालणार नाही.

पुनरुत्थान रविवार, १५२१

मार्चच्या मध्यास ताफा आज फिलिपाईन्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेटांत शिरला. लिमासावा बेटाजवळ काही लोक एका होडीतून आले. एन्रिकेने आपल्या मलय भाषेत त्यांना हाक दिली. त्यांना ती समजली. मलाक्काहून निघून अर्ध्या जगाची फेरी करून आलेल्या त्या गुलामाच्या कानांवर पुन्हा ओळखीचे शब्द पडले. पृथ्वी गोल असल्याचा याहून मानवी पुरावा दुसरा नसेल.

३१ मार्च १५२१ हा पुनरुत्थानाचा रविवार होता. सान हुलियानच्या थंड किनाऱ्यावर पोहोचल्याला बरोबर एक वर्ष झाले होते. लिमासावाच्या किनाऱ्यावर फादर वाल्देर्रामा यांनी मिस्साबलिदान अर्पण केले. फिलिपाईन्सच्या भूमीवरील ते नोंदीत असलेले पहिले मिस्साबलिदान होय. त्या संध्याकाळी जवळच्या टेकडीवर एक क्रूस उभारण्यात आला. येथील लोकांकडे सोने विपुल होते. एकाने तर काचेच्या मण्यांच्या माळांच्या बदल्यात सोन्याचा मुकुट देऊ केला. मॅगेलनने तो व्यवहार होऊ दिला नाही, कारण आपण सोन्यासाठी हपापलेले आहोत असे दिसले तर व्यापाराचे भाव बिघडतील, अशी त्याची भीती होती.

७ एप्रिलला ताफा सेबू बेटावर पोहोचला. तेथील राजा हुमाबोन याच्याशी मैत्रीचा करार झाला. पिगाफेत्ताच्या नोंदीनुसार मॅगेलनने त्या लोकांना ख्रिस्ताविषयी स्वतः सांगितले आणि भीतीपोटी किंवा आम्हाला खूश करण्यासाठी ख्रिस्ती होऊ नका, स्वेच्छेने व्हा, असे समजावले. मात्र त्याच बोलण्यात, जे ख्रिस्ती होतील त्यांना अधिक चांगली वागणूक मिळेल, अशीही पुस्ती जोडलेली होती. १४ एप्रिलच्या रविवारी हुमाबोनचा स्नानसंस्कार होऊन त्याला कार्लोस हे नाव मिळाले. राणीला हुआना हे नाव मिळाले. बाळ येशूची लाकडी मूर्ती पाहून तिचे मन हेलावले, तिने ती मागितली आणि ती तिला देण्यात आली. त्या दिवशी स्त्रिया, पुरुष व मुले मिळून सुमारे ८०० जणांचा स्नानसंस्कार झाला.

येथपर्यंत नाण्याची उजळ बाजू.

माक्तानचा किनारा

मॅगेलनने हुमाबोनला सर्व शेजारी सरदारांवर प्रमुख ठरवले आणि त्यांनी त्याची व स्पेनच्या राजाची सत्ता मान्य करावी, असा आग्रह धरला. ज्या एका गावाने नकार दिला ते गाव जाळण्यात आले आणि त्या जागी क्रूस उभारला गेला. स्वेच्छेने श्रद्धा स्वीकारा असे सांगितल्याला दोन-तीन आठवडेही झाले नव्हते.

सेबूसमोरील माक्तान बेटावर लापुलापू नावाचा सरदार होता. त्याने नमते घेतले नाही. मॅगेलनने त्याला धडा शिकवण्याचे ठरवले. सहकाऱ्यांनी त्याला स्वतः जाऊ नये असे विनवले, पण त्याने ऐकले नाही. हुमाबोनची माणसे मदतीला आली, तेव्हा त्यांना होड्यांत थांबून आमची लढाई कशी असते ते पाहा, असे त्याने सांगितले. २७ एप्रिल १५२१ च्या पहाटे सुमारे ६० जण किनाऱ्याकडे निघाले. पाणी उथळ व खडकाळ असल्याने होड्या किनाऱ्याला लागू शकल्या नाहीत, जहाजावरील तोफांचा मारा तेथवर पोहोचेना. ४९ माणसे मांडीभर पाण्यातून चालत निघाली. समोर लापुलापूचे १,००० हून अधिक योद्धे उभे होते.

मॅगेलनने घरे जाळण्याचा हुकूम दिला. आगीने लोक घाबरतील असा त्याचा अंदाज होता, पण ते अधिकच चवताळले. विषारी बाण त्याच्या पायात घुसला. त्याने माघारीचा आदेश दिला आणि मोजक्या सोबत्यांसह तो बराच वेळ मागे पाण्यात लढत राहिला, जेणेकरून इतरांना होड्यांपर्यंत पोहोचता यावे. अखेर भाल्यांच्या व तलवारींच्या घावांनी तो तेथेच पाण्यात कोसळला. त्याचे शव परत मिळावे म्हणून मोबदला देऊ करण्यात आला, परंतु माक्तानच्या लोकांनी ते दिले नाही. त्याची कबर कोठेही नाही.

यानंतर एन्रिकेला मुक्त करावे हा मृत्युपत्रातील आदेश नव्या कप्तानांनी पाळला नाही. १ मे रोजी हुमाबोनने दिलेल्या मेजवानीत दोन डझनांहून अधिक खलाशांची कत्तल झाली. ज्याचा स्नानसंस्कार होऊन तीन आठवडेही झाले नव्हते, त्या मित्राशी असलेले नाते शस्त्रांच्या छायेत जडले होते आणि शस्त्रांचा धाक संपताच ते तुटले.

परतलेले एक जहाज

माणसे कमी पडल्याने कोन्सेप्सियोन जाळून टाकण्यात आले. नोव्हेंबरमध्ये उरलेली दोन जहाजे मोलुक्कासमधील तिदोर बेटावर पोहोचली. त्रिनिदादला गळती लागली. २१ डिसेंबर १५२१ रोजी एल्कानोच्या नेतृत्वाखाली एकटे व्हिक्टोरिया लवंगा भरून पश्चिमेकडे निघाले. ६ सप्टेंबर १५२२ रोजी ते सानलुकारला परतले, तेव्हा त्यावर १८ युरोपीय खलाशी उरले होते. ८ सप्टेंबरला, आपण ज्या दिवशी पवित्र मरियेचा जन्मोत्सव साजरा करतो त्या दिवशी, ते सेव्हिलला पोहोचले. दुसऱ्या दिवशी हातात पेटत्या मेणबत्त्या घेऊन, अनवाणी पायांनी ते मरियेच्या चर्चकडे चालत गेले आणि आपले नवस फेडले.

वाटेत केप व्हर्दे बेटांवर त्यांना एक विलक्षण गोष्ट कळली होती. जहाजावरील नोंदीनुसार तो दिवस बुधवार होता, किनाऱ्यावर मात्र गुरुवार होता. सूर्याच्या मागोमाग पश्चिमेकडे जात पृथ्वीला वळसा घातल्याने त्यांच्या हिशेबातून एक पूर्ण दिवस गळला होता. त्यामुळे आपण सणवार व उपवास चुकीच्या दिवशी पाळले, ही खंतही त्यांच्या वाट्याला आली.

राजा चार्ल्सने एल्कानोला पृथ्वीचा गोल असलेले मानचिन्ह बहाल केले आणि तूच मला प्रथम वळसा घातलास अशा अर्थाचे लॅटिन शब्द त्यावर कोरवले. २०२२ साली स्पेननेही या घटनेच्या पंचशताब्दीनिमित्त दोन युरोचे नाणे काढून एल्कानोचा गौरव केला. मॅगेलनचा मानसन्मान घेण्यास मात्र घरी कोणी उरले नव्हते. व्हिक्टोरिया परतण्यापूर्वीच लहानगा रोद्रिगो आणि त्याची आई बेआत्रिस दोघेही देवाघरी गेले होते.

दुसऱ्या किनाऱ्यावरील नाणे

फिलिपाईन्सनेही या घटनेची आठवण नाण्यावर जपली, पण वेगळ्या चेहऱ्याने. १९६७ साली तेथील सर्वांत लहान नाण्यावर, एक सेंटिमोवर, लापुलापूची प्रतिमा आली. २०२१ साली पंचशताब्दीनिमित्त तेथील मध्यवर्ती बँकेने लापुलापूच्या स्मरणार्थ ५,००० पेसोची स्मारक नोटही काढली. एकाच सकाळी एकाच किनाऱ्यावर समोरासमोर उभे ठाकलेले दोन पुरुष आज दोन देशांच्या चलनावर सन्मानाने विराजमान आहेत. यात विसंगती नाही. आपल्या भूमीचे रक्षण करणाऱ्याचा अभिमान त्या देशाला वाटणारच. आणि तोच देश आज आशियातील सर्वाधिक कॅथलिक लोकसंख्येचा देश आहे. १४ मार्च २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी रोममधील संत पेत्राच्या महामंदिरात फिलिपिनो भाविकांसमवेत तेथील ख्रिस्ती धर्माच्या ५०० वर्षांबद्दल कृतज्ञतेचे मिस्साबलिदान अर्पण केले.

मग सेबूत पेरलेले बीज टिकले कशाने? मॅगेलनची तलवार माक्तानच्या पाण्यात बुडाली. हुमाबोनबरोबरचा करार मोडला. त्यानंतर ४४ वर्षे तेथे ना धर्मगुरू होता, ना मिस्साबलिदान. १५६५ साली लेगास्पीची मोहीम आणि तिच्यासोबत अगुस्तीन संघाचे धर्मगुरू सेबूला आले, तेव्हाही गावाला आग लागली. २८ एप्रिल रोजी एका सैनिकाला एका घरात लाकडी पेटीत ठेवलेली बाळ येशूची मूर्ती सापडली. हुआना राणीला दिलेली हीच ती मूर्ती, असे भाविक मानतात. लोकांनी आपल्या परीने, आपल्या पद्धतीने तिची जपणूक केली होती. त्या जागी उभ्या राहिलेल्या चर्चला १९६५ साली लघु महामंदिराचा दर्जा मिळाला आणि दर जानेवारीत तेथे बाळ येशूच्या सणाला लाखोंचा जनसागर लोटतो.

त्याच १९६५ च्या डिसेंबर महिन्यात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याविषयीचा जाहीरनामा संमत केला. श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही कसलीही सक्ती होता कामा नये, हे ख्रिस्तसभेने त्यात निःसंदिग्धपणे मांडले. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी संत पेत्राच्या महामंदिरात, सत्याच्या नावाखाली ख्रिस्ताच्या अनुयायांनी केलेल्या बळजबरीबद्दल देवाकडे जाहीर क्षमायाचना केली. मॅगेलनच्या नाण्याची दुसरी बाजू ख्रिस्तसभेने लपवली नाही, ती स्वतः उलटून जगाला दाखवली.

आपल्याला मिळालेल्या श्रद्धेचा इतिहासही अशाच संमिश्र हातांतून आलेला आहे. त्यात खलाशांसाठी खडकावर थांबणारे हात होते आणि घरे पेटवणारेही होते. आपल्या लेकरांना हा इतिहास सांगताना केवळ अभिमान सांगितला तर ती अर्धी गोष्ट होईल, केवळ लाज सांगितली तरीही अर्धीच. मॅगेलनच्या धैर्याबद्दल, त्याच्या चिकाटीबद्दल, शेवटच्या क्षणी सोबत्यांना वाचवण्यासाठी मागे राहिल्याबद्दल त्याला जरूर वंदन करावे. त्याच्या हातून जळालेल्या घरांतील माणसांसाठीही प्रार्थना करावी. आणि कधी बाळ येशूच्या मूर्तीपुढे उभे राहण्याचा योग आला तर सेबूच्या त्या राणीची आठवण ठेवावी. राजे कोणत्या अटी घालत होते याची तिला कितपत कल्पना होती, ते देवच जाणे. तिने तर फक्त एका लहान बाळाला जवळ घेण्याची इच्छा व्यक्त केली होती.